पैसा शाळेला द्यायचा की मुलामागे? शाळा-व्हाउचर, आरटीईच्या २५ टक्के जागा आणि खान्देश

प्रवेशाचा हंगाम आला की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सेतू केंद्रांवर एकच प्रश्न फिरत असतो: "मना पोऱ्याले इंग्रजी शाळाम्हा नंबर लागी का?" या प्रश्नामागे सार्वजनिक पैशाचा एक जुना वाद आहे. शिक्षणासाठी सरकारने काढलेला पैसा शाळा चालवायला द्यावा, की तो मुलाच्या नावावर ठेवून पालकाला म्हणावे, "शाळा तू निवड, फी आम्ही भरतो"? दुसऱ्या पद्धतीला व्हाउचर म्हणतात. महाराष्ट्रात त्या नावाची सरसकट योजना नाही, पण शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) खासगी शाळांत गरीब-वंचित मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागा हे तिचेच अर्धे रूप आहे. खान्देशात ते कुठे चालते, कुठे अडते आणि त्याचा जिल्हा परिषदेच्या शाळेवर काय परिणाम होतो, ते पाहू.

आधी कल्पना. अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ मध्ये ती मांडली. शिक्षणाचा खर्च सरकारने उचलावा, पण शाळा सरकारनेच चालवायला हव्यात असे नाही. पालक चांगल्या शाळेकडे वळतील आणि वाईट शाळा एकतर सुधारेल किंवा बंद पडेल, असा तर्क. चिलीने १९८१ पासून हे देशभर केले, स्वीडनने १९९२ मध्ये. अमेरिकेत मिल्वॉकी शहरात १९९० मध्ये गरीब घरांपुरती योजना सुरू झाली, आणि २०२२ मध्ये ॲरिझोनाने उत्पन्नाची अट न घालता ती सगळ्यांना खुली केली.

चिलीचा अनुभव सर्वांत जुना, म्हणून सर्वांत उपयोगी. तिथे शाळांना मुले निवडायची आणि व्हाउचरवर वरची फी घ्यायची मुभा होती. मग चांगल्या स्थितीतली मुले एका बाजूला आणि गरीब मुले दुसऱ्या बाजूला अशी विभागणी वाढली. सरासरी निकाल मात्र स्पर्धेमुळे सुधारल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. शेवटी २००८ मध्ये गरीब मुलामागे जादा रक्कम देणारा कायदा झाला, आणि २०१५ च्या कायद्याने वरची फी व मुलांची निवड या दोन्ही गोष्टी टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतल्या.

भारतातला सर्वांत नीट तपासलेला प्रयोग आंध्र प्रदेशातला. २००८ पासून चार वर्षे, १८० गावांत, सोडत काढून मुलांना खासगी शाळेची व्हाउचर दिली गेली. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन यांना आढळले की तेलुगू आणि गणितात व्हाउचरवाली मुले सरकारी शाळेतल्या मुलांइतकीच होती. हिंदीत पुढे होती, कारण खासगी शाळांच्या वेळापत्रकात हिंदीला जास्त जागा होती. दर मुलामागचा खर्च मात्र खासगी शाळेत एक तृतीयांशापेक्षा कमी. म्हणजे शिकणे तेवढेच, खर्च कमी. दोन्ही बाजू या निष्कर्षातला आपल्या सोयीचा अर्धा भाग सांगतात. तो पुरता वाचला तर "खासगी म्हणजे चांगली" हेही टिकत नाही आणि "खासगीवर पैसा वाया जातो" हेही टिकत नाही.

१७,६७० रुपयांचा हिशेब

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम १२(१)(सी) नुसार खासगी विनाअनुदानित शाळेने प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांना द्यायच्या आणि आठवीपर्यंत त्यांना मोफत शिकवायचे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली, मात्र विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना वगळले. २०१४ च्या निकालानंतर कोणत्याही अल्पसंख्याक शाळेला कायदा लागू नाही. शहरातली एखादी नावाजलेली शाळा यादीत का दिसत नाही, याचे उत्तर बहुतेक वेळा इथेच असते.

या मुलांची फी सरकार थेट शाळेला देते. तिला प्रतिपूर्ती म्हणतात. नियम असा: सरकारचा स्वतःच्या शाळांत दर मुलामागे होणारा खर्च आणि शाळेची प्रत्यक्ष फी, यांतली जी रक्कम कमी ती. महाराष्ट्रात हा दर वर्षाला १७,६७० रुपये धरला गेला. कोरोनाच्या २०२०-२१ या वर्षी तो ८,००० वर आणला होता. सवलतीत सरकारी जमीन घेताना काही मुले मोफत शिकवण्याचे बंधन मान्य केलेल्या शाळेला तेवढ्या मुलांचे पैसे मिळत नाहीत.

समजा, तालुक्याच्या गावातल्या शाळेची फी १२,००० आहे. तिला १२,०००च मिळतील आणि तिचे काही बिघडत नाही. जळगाव शहरातल्या दुसऱ्या शाळेची फी ४०,००० आहे आणि पहिलीत ४० जागा. दहा मुले आरटीईची. प्रत्येकामागे २२,३३० रुपये कमी पडतात, म्हणजे एका वर्गामागे २,२३,३००. हा बोजा शाळा उरलेल्या ३० पालकांवर टाकते म्हटले तर माणशी सुमारे ७,४४० रुपये. म्हणून महागड्या शाळांचा विरोध जास्त आणि स्वस्त शाळांची तक्रार वेगळी: दर चालेल, पण पैसे वेळेवर द्या. प्रतिपूर्ती वर्षानुवर्षे थकते ही शाळा संघटनांची कायमची ओरड आहे आणि ती खोटी नाही. फीवरच पगार भागवणाऱ्या छोट्या शाळेला दोन वर्षांची थकबाकी म्हणजे दोन शिक्षक कमी करणे. व्हाउचर कागदावर कितीही सुंदर असले तरी ते वटण्याची तारीख ठरलेली नसेल तर शाळा ते नाखुशीनेच घेणार.

एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी: सरकारने शाळेचे पैसे थकवले म्हणून शाळेला ते पालकाकडून मागता येत नाहीत. तो व्यवहार शाळा आणि शासन यांच्यातला आहे.

परदेशी व्हाउचर आणि आपल्या २५ टक्क्यांत दोन मोठे फरक आहेत. आपल्याकडे शाळा मूल निवडत नाही, सोडत निवडते. आणि वरची फी घ्यायला बंदी आहे. चिलीला जे शिकायला तीस वर्षे लागली ते आपल्या कायद्यात पहिल्या दिवसापासून आहे.

जिल्हा परिषद शाळेचा पैसा: उतार नाही, पायऱ्या

व्हाउचरच्या चर्चेत एक गृहीतक लपलेले असते: मूल गेले की त्याचा खर्चही गेला. जि.प. शाळेत तसे होत नाही. तिथला बहुतेक पैसा शिक्षकांच्या पगाराचा, आणि शिक्षक पटावर ठरतात. मूल कमी झाले की खर्च थोडा-थोडा उतरत नाही. बराच काळ तो जागचा हलत नाही आणि मग एकदम एक पायरी खाली येतो.

कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी प्रमाण दिले आहे: ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. राज्याचे संचमान्यतेचे, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरवण्याचे, निकष शासन निर्णयांनुसार थोडे हलतात (मार्च २०२४ मध्येही बदलले), पण पायऱ्यांचा ढाचा तोच. आता साक्री किंवा पारोळा तालुक्यातली ६२ पटाची शाळा घ्या. तीन शिक्षक, दर शिक्षकामागे जेमतेम २१ मुले. पुढच्या वर्षी पहिलीत दोन मुले कमी आली, कारण ती आरटीईतून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत गेली. पट ६०. परिशिष्टाप्रमाणे शिक्षक दोन. मागे राहिलेल्या मुलांच्या वाट्याला आता पाच वर्ग आणि दोन शिक्षक. त्यातला एक पंचायत समितीच्या बैठकीला गेला की पाचही वर्ग एकाच माणसाकडे.

शासनाच्या वहीत काय दिसते? दोन मुलांची प्रतिपूर्ती फार तर ३५,३४० रुपये खर्च, आणि एक पद वाचले. वही खूश. पण गेली दोन मुले आणि मोजले ६० जणांनी. व्हाउचरने स्पर्धा होते आणि सरकारी शाळा सुधारते असे म्हणणाऱ्यांनी ही पायरी मोजायला हवी. स्पर्धेत मागे पडलेल्या शाळेचा शिक्षकच काढून घेतला तर ती सुधारणार कशाने?

समग्र शिक्षा अभियानाचे संयुक्त शाळा अनुदानही पायऱ्यांचेच: ३० पटापर्यंत वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, २५१ ते १,००० ला ७५,००० आणि त्यावर एक लाख. ३१ वरून ३० झाले की १५,००० गेले. वीजबिल, खडू, दुरुस्ती, स्वच्छतेसाठी राखायचा किमान दहा टक्के वाटा, सगळे यातच बसवायचे असते. वीज कंपनी मात्र पट पाहून बिल कमी करत नाही.

काही रकमा खरोखर मुलामागे चालतात. गणवेशाचे वर्षाला ६०० रुपये, पाठ्यपुस्तके, आणि पोषण आहार: पहिली ते पाचवीला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, शिवाय डाळ-भाजी-तेल-इंधनासाठी मे २०२५ पासून अनुक्रमे ६.७८ आणि १०.१७ रुपये. सरासरी खर्चाचा फसवा भागही इथेच आहे. पट घटला आणि पगार तेवढेच राहिले की दर मुलामागचा खर्च वाढलेला दिसतो आणि जि.प. शाळा "महाग" ठरते. मग त्या महागाईचा दाखला देऊन आणखी मुले बाहेर पाठवा म्हणायचे. हे चक्र आहे, आणि त्यात शिक्षकांची मेहनत किंवा कामचुकारपणा हा मुद्दा अजून आलेलाच नाही.

पट कोणत्या दिवशी मोजतात हे सरपंच आणि शाळा व्यवस्थापन समितीने पाठ करून ठेवावे. संचमान्यतेसाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात, तोही ऑनलाइन नोंदलेला आणि आधार जुळलेला. वर्गात बसलेल्या मुलाचे आधार नसेल, किंवा आधारवर "सोनू" आणि हजेरीवर "सोनूबाई" असेल, तर ते मूल मोजणीतून गळू शकते. पावरा-भिल्ल पाड्यांवर जन्मतारीख आणि आडनावाचे घोळ जास्त, म्हणून नुकसानही तिथे जास्त. जुलै-ऑगस्टमध्ये यादी काढून न जुळलेली नावे दुरुस्त करणे, या एका कामाने एखादे पद वाचते. ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला जाणारी कुटुंबे बहुधा दिवाळीच्या सुमारास निघतात, म्हणजे ही मुले ३० सप्टेंबरला पटावर असतात. ती निघताना मुख्याध्यापकांनी शिक्षण हमी पत्रक द्यायचे असते. ते दाखवून जिथे जातील तिथल्या शाळेत बसता येते.

सातपुड्यात निवड कशातून करायची?

व्हाउचरला निवडायला दुसरी शाळा लागते. जळगाव, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, धुळे, शिरपूर, शहादा, नंदुरबार इथे ती आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर बहुतेक ठिकाणी जि.प.ची शाळा नाहीतर आश्रमशाळा. तिथे व्हाउचर देणे म्हणजे एसटी न जाणाऱ्या गावात बसचा पास वाटणे. कायद्यानुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. डोंगरात हे अंतर राखणे हाच शिक्षणाचा खरा खर्च आहे. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव शिक्षण आयुक्तालयाने मागवले, तेव्हा पानशेतबरोबर आपल्या तोरणमाळचेच उदाहरण दिले होते. मोठ्या शाळेत वर्गाला शिक्षक मिळतो, हे खरे. पण सहा वर्षांचे मूल रोज तिथवर कसे जाणार किंवा वसतिगृहात कसे राहणार, हे ठरल्याशिवाय जवळची शाळा बंद केली तर पहिल्यांदा मुली गळतात.

व्हाउचरच्या अगदी जवळ जाणारी एक योजना मात्र आदिवासी मुलांसाठीच आहे: नामांकित निवासी इंग्रजी शाळा योजना. आदिवासी विकास विभाग निवडलेल्या खासगी निवासी शाळांना दर मुलामागे ठरलेली रक्कम देतो, राहणे-जेवण त्यातच. अर्ज एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करायचा. खान्देशात ही कार्यालये नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावलला आहेत. इथे शाळा बहुधा पालक निवडत नाही, विभाग ठरवतो. म्हणून शाळा कुठल्या जिल्ह्यात मिळाली, सुट्टीत मुलाला आणायचे-पोहोचवायचे कोणी आणि त्या शाळेत आपल्या भागातली आणखी मुले आहेत का, हे होकार देण्याआधी विचारावे. पावरी किंवा भिलोरी बोलणारे मूल एकदम इंग्रजीत एकटे पडले तर पहिल्याच दिवाळीला परत येते.

२०२४ चा एक किलोमीटर

९ फेब्रुवारी २०२४ ला राज्याने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्के जागांतून सूट. पैशाच्या बाजूने सरकारचा तर्क सरळ होता, शेजारी आपलीच शाळा असताना दुसऱ्याला फी का द्यायची? पण शहरात एक किलोमीटरमध्ये सरकारी वा अनुदानित शाळा नाही असा कोपरा क्वचितच सापडतो, त्यामुळे योजनाच संपल्यात जमा झाली. ६ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, १९ जुलै २०२४ ला बदल रद्द केला, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. मूळ कायद्यात अशी सूट नाही आणि राज्याचा नियम कायद्याला छेद देऊ शकत नाही, हा त्यातला गाभा. आज खासगी शाळा पूर्वीप्रमाणेच यादीत आहेत.

अर्ज भरताना काय चुकते

२०२५-२६ साठी अर्ज जानेवारी २०२५ मध्येच सुरू झाले होते, म्हणून कागद डिसेंबरपर्यंत तयार हवेत. अर्ज फुकट आहे. सेतूवाला घेतो ते टाइपिंगचे. पहिलीसाठी ज्या वर्षी प्रवेश त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सहा वर्षे पूर्ण हवीत. कमाल वयाचीही मर्यादा असते, ती त्या वर्षीच्या सूचनेत पाहावी.

वंचित गटात अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त व भटक्या जमाती, इतर मागास, विशेष मागास, ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेली मुले, अनाथ मुले वगैरे येतात. त्यांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही. दुर्बल घटक म्हणजे वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आतले कुटुंब. त्याला तहसीलचा, सूचनेत सांगितलेल्या आर्थिक वर्षाचा दाखला हवा. जुना दाखला पडताळणीत बाद होतो. जातीचा दाखला महाराष्ट्राचाच चालतो. रावेरच्या पलीकडे बुऱ्हाणपूर आणि नवापूरच्या पलीकडे गुजरात. आजोळ-सासर हद्दीच्या दोन्ही बाजूंना असलेल्या घरांत वडिलांचा दाखला परराज्याचा निघतो आणि लागलेला नंबर जातो.

सगळ्यात जास्त प्रवेश राहण्याच्या पुराव्यावर अडतात. रेशनकार्ड गावचे आणि बिऱ्हाड जळगावच्या एमआयडीसीजवळ भाड्याने, अशी हजारो कुटुंबे आहेत. भाडेकरार दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला, किमान ११ महिन्यांचा आणि अर्जाच्या आधीच्या तारखेचा हवा; नुसता नोटरीचा करार चालत नाही. पडताळणी समिती पत्त्यावर येऊन पाहू शकते, आणि तिथे राहत नसल्याचे आढळले तर प्रवेश रद्द होतो.

मग नकाशा. अर्जात गुगल नकाशावर घराचा फुगा ठेवायचा असतो. सोडतीत एक किलोमीटरच्या आतल्यांना पहिला मान, मग एक ते तीन, मग त्यापुढचे. सेतूवाल्याने घाईत फुगा गल्लीऐवजी स्टेशनवर ठेवला तर अंतर बदलते: कधी हक्काचा नंबर हुकतो, कधी लागलेला नंबर चुकीच्या अंतरामुळे रद्द होतो. फुगा स्वतः पाहा, जवळच्या खुणेशी ताडून. शाळा दहापर्यंत निवडता येतात, पण ज्या शाळेत नंबर लागला तर खरोखर पाठवणार तेवढ्याच टाका. पहिल्या फेरीत नंबर लागून प्रवेश घेतला नाही तर पुढच्या फेऱ्यांत संधी मिळत नाही, आणि एका मुलाचे दोन अर्ज भरले तर दोन्ही बाद. विधवा किंवा घटस्फोटित आईने स्वतःच्या नावाची कागदपत्रे जोडायची असतात, सोबत मृत्यू दाखला किंवा न्यायालयाचा आदेश.

नंबर लागल्यावर एसएमएसवर विसंबू नका, अर्ज क्रमांक टाकून पोर्टलवर पाहा. मग अलॉटमेंट लेटर आणि हमीपत्राची प्रिंट घेऊन मुदतीत पंचायत समिती किंवा महापालिकेच्या पडताळणी समितीकडे, मूळ कागद आणि झेरॉक्ससह. शाळेने दारातून परत पाठवले तर तोंडी भांडण्यात अर्थ नाही. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोहोच घ्या.

मोफत म्हणजे किती मोफत

फी माफ झाली तरी घरखर्चात भर पडते. व्हॅन किंवा रिक्षाचे भाडे शासन देत नाही. विनाअनुदानित शाळेत पोषण आहार नसतो, म्हणजे जि.प. शाळेत मिळणारे दुपारचे जेवण बंद आणि डबा सुरू. कायद्याच्या कलम ३ नुसार शिक्षण अडेल असा कोणताही आकार मुलाकडून घेता येत नाही, तरीही स्नेहसंमेलन, सहल, "ॲक्टिव्हिटी" अशा नावांनी मागणी होतेच. तिची पावती मागितली की ती बऱ्याचदा मागे पडते.

आणि आठवीनंतर कवच संपते. नववीची पूर्ण फी पालकाची. ही तारीख प्रवेशाच्या दिवशीच माहीत असते, तरी तयारी क्वचितच होते. सातवीतच जवळच्या अनुदानित शाळेत सेमी-इंग्रजी तुकडी आहे का, नववीत जागा निघते का, हे पाहून ठेवावे. मुलगी असेल तर अनुदानित शाळेत बारावीपर्यंत फी माफ आहे. आठवीचा निकाल लागल्यावर लगेच शाळा सोडल्याचा दाखला मागा; आरटीईच्या मुलाचा दाखला प्रतिपूर्ती थकली म्हणून शाळेला अडवून ठेवता येत नाही.